घटक ६ : बॉब मार्ली – बोलीतील गीत आणि रेगे संगीताचा विश्वसंचार

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• बॉब मार्लीच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• रेगे संगीताचा उगम, त्याची घडण आणि त्याच्या लोकप्रियतेची कारणे स्पष्ट करता येतील.
• बोली आणि प्रमाणभाषा यांच्या संबंधाचा विचार एका कलावंताच्या चरित्राच्या आधारे करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, कलावंताचे चरित्र वाचताना आपण त्याच्या जन्ममृत्यूच्या आणि यशापयशाच्या नोंदी तर वाचतोच. पण ज्या समाजाने त्याला शब्द आणि सूर दिले, त्या समाजाचा इतिहासही आपण वाचत असतो. या घटकात जमैकाचा गायक आणि गीतकार बॉब मार्ली (१९४५–१९८१) याच्या चरित्राचा आपण परिचय करून घेणार आहोत. जमैका हे कॅरिबियन समुद्रातील एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडेसेच अधिक. एवढ्याशा बेटावरच्या गरीब वस्त्यांत जन्मलेले रेगे संगीत अवघ्या दोन दशकांच्या आत युरोप, अमेरिका आणि आफ्रिका या खंडांत पोहोचले. (मराठी वाचकाला ‘रेगे’ हे आडनाव परिचित आहे. येथे केवळ उच्चारसाम्य आहे. दोन शब्दांचा परस्परांशी संबंध नाही.)

मराठीच्या अभ्यासक्रमात या चरित्राचा समावेश का, असा प्रश्न आपल्याला पडेल. मार्ली ज्या भाषेत वाढला ती भाषा त्याच्याच देशात अशुद्ध आणि गावंढळ मानली जात होती. जगापर्यंत पोहोचायचे असेल तर बोली बोलणाऱ्याने आपली बोली मागे टाकली पाहिजे काय, हा प्रश्न वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा कोकणी बोलत प्रमाण मराठीत शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. मार्लीच्या जीवनातून या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. त्या उत्तरासाठी मोजावी लागलेली किंमतही त्यातून दिसते.

६.३ पार्श्वभूमी : बेट, भाषा आणि श्रद्धा

जमैका प्रथम स्पेनच्या आणि १६५५ पासून इंग्लंडच्या ताब्यात होते. तेथील उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी पश्चिम आफ्रिकेतून लाखो स्त्रीपुरुषांना गुलाम म्हणून आणण्यात आले. हे लोक भिन्न भाषा बोलणारे होते. मळ्यावरच्या सक्तीच्या सहवासात मालकांची इंग्रजी आणि गुलामांच्या आफ्रिकी भाषा यांच्या संपर्कातून एक नवी भाषा तयार झाली. अशा रीतीने घडलेल्या आणि पुढे मातृभाषा बनलेल्या भाषेला भाषाविज्ञानात ‘क्रिओल’ असे म्हणतात. जमैकातील क्रिओल ‘पॅटवा’ या नावाने ओळखली जाते. तिचा शब्दसंग्रह मुख्यत्वे इंग्रजीतून आलेला आहे. तिच्या व्याकरणावर आणि उच्चारांवर मात्र आफ्रिकी भाषांचा खोल ठसा आहे.

इंग्रजीत विशेषणापूर्वी ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद यावेच लागते. पॅटवात ते येत नाही. आपणही मराठीत ‘पोरगी मोठी हुशार’ असे क्रियापदाविना म्हणतो, तसेच हे. अशा रचनांना नियम असतात, हे ध्यानात न घेता पॅटवाला दीर्घकाळ मोडकी इंग्रजी ठरवण्यात आले. शाळा, न्यायालय आणि वृत्तपत्रे यांत इंग्रजी, तर घर आणि बाजार यांत पॅटवा, अशी विभागणी रूढ झाली. फ्रेडरिक कॅसिडी या भाषाशास्त्रज्ञाचा ‘जमैका टॉक’ हा ग्रंथ १९६१ मध्ये आणि कॅसिडी व ले पेज यांचा जमैकन इंग्रजीचा कोश १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथांनी या भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला.

१८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपली. मळ्यांवर मजुरांची उणीव भासू लागल्याने १८४५ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांपैकी बहुतेक उत्तर भारतातील होते. त्यांच्याबरोबर ‘गांजा’ हा शब्द जमैकाच्या भाषेत गेला आणि आजही तेथे तो त्याच रूपात वापरला जातो.

विसाव्या शतकात या भूमीत एक नवा धर्मविचार उदयास आला. सेंट अ‍ॅन परगण्यात १८८७ मध्ये जन्मलेल्या मार्कस गार्वीने जगभरच्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेचा अभिमान बाळगण्याची शिकवण दिली होती. १९३० मध्ये इथिओपियाच्या सिंहासनावर हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जमैकातील काही गरीब कृष्णवर्णीयांना त्यात बायबलमधील भविष्यवाणीची पूर्तता दिसली. सम्राटांचे पूर्वीचे नाव रास तफारी. त्यावरून या पंथाला ‘रास्ताफारी’ हे नाव पडले. आफ्रिका ही पुण्यभूमी आणि जुलमी सत्ता म्हणजे ‘बॅबिलॉन’, अशी या पंथाची धारणा आहे. केसांच्या जटा राखणे आणि उपासनेत गांजाचे सेवन करणे हे त्याचे बाह्य विशेष होत. जमैकाच्या राज्यकर्त्यांनी या पंथाला दीर्घकाळ गुन्हेगारांचा पंथ मानले. १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथील चकमकीनंतर रास्ताफारी लोकांची सरसकट धरपकड आणि मारझोड झाली. त्याबद्दल सरकारने २०१७ मध्ये अधिकृतपणे क्षमा मागितली.

रास्ताफारी पंथाने भाषेतही बंड केले. दडपशाही या अर्थाच्या ‘ऑप्रेशन’ या इंग्रजी शब्दाचा आरंभ त्यांच्या उच्चारात ‘वर’ या अर्थाच्या ‘अप’सारखा ऐकू येतो. जो माणसाला खाली दाबतो त्याच्या कृतीच्या नावात ‘वर’ कसे असेल, या तर्काने त्यांनी ‘डाउनप्रेशन’ हा शब्द घडवला. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्याऐवजी ते ‘आय अँड आय’ असे म्हणतात. बोलणारा, त्याचे बांधव आणि त्याच्यातील ईश्वर यांचे ऐक्य त्यातून सूचित होते. मार्लीच्या गीतांमागे पॅटवा आणि रास्ताफारी परिभाषा अशी ही दुहेरी भाषिक परंपरा उभी आहे.

६.४ बालपण आणि ट्रेंचटाउन

बॉब मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट अ‍ॅन परगण्यातील नाइन माइल या डोंगराळ खेड्यात झाला. आई सेडेला ही एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याची मुलगी. मुलाच्या जन्माच्या वेळी ती अठरा वर्षांची होती. वडील नॉर्व्हल मार्ली हे गोरे जमैकन होते आणि तिच्याहून वयाने पुष्कळच मोठे होते. त्यांचे या कुटुंबात फारसे वास्तव्य घडले नाही. बॉब दहा वर्षांचा असताना ते वारले. आजोबांचे शेत, चर्चमधील भजने आणि खेड्यातील पॅटवा बोली यांच्या सहवासात त्याचे बालपण गेले. मिश्र वर्णामुळे पुढे शहरात त्याला टोमणे सहन करावे लागले.

बॉब सुमारे बारा वर्षांचा असताना आई त्याला घेऊन राजधानी किंग्स्टनमधील ट्रेंचटाउन या वस्तीत राहावयास आली. सामाईक अंगण, सामाईक स्वयंपाकघर आणि सामाईक नळ असलेली तेथील सरकारी घरे आपल्याकडील बैठ्या चाळींची आठवण करून देतात. खेड्यातील सवंगडी नेव्हिल लिव्हिंगस्टन ऊर्फ बनी हाही त्याच्या जवळच राहत होता. शाळा सुटल्यावर बॉब वेल्डिंगच्या कामाला लागला. तेथेच डेस्मंड डेकर नावाचा आणखी एक गायक तरुण काम करीत होता. ट्रेंचटाउनमध्येच राहणारा जो हिग्ज हा गायक वस्तीतल्या मुलांना अंगणात बसवून गाणे शिकवीत असे. अनेक आवाज एकमेकांत मिसळून गाण्याची शिस्त बॉब, बनी आणि त्यांचा मित्र पीटर टॉश यांना त्याच्याकडून मिळाली.

आपली प्रगती तपासा – १
१. क्रिओल भाषा कशी निर्माण होते, हे पॅटवाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. रास्ताफारी पंथाने भाषेत कोणते बदल केले? दोन उदाहरणे द्या.

६.५ स्का ते रेगे

त्या काळी रेडिओ-ग्रामोफोन विकत घेणे गरिबांना परवडत नसे. मोठे कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर आणि तबकड्या घेऊन मोकळ्या जागेत संगीत वाजवणारी ‘साउंड सिस्टीम’ हेच त्यांचे संगीतगृह होते. प्रारंभी तेथे अमेरिकन तबकड्या वाजत. पुढे साउंड सिस्टीमच्या मालकांनी स्थानिक कलावंतांचे ध्वनिमुद्रण सुरू केले. ‘मेंटो’ हे जमैकाचे लोकसंगीत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत यांच्या मिलाफातून ‘स्का’ हा द्रुत लयीचा प्रकार तयार झाला. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाले, तेव्हा स्का हे नव्या राष्ट्राच्या उत्साहाचे संगीत होते.

त्याच वर्षी मार्लीचे पहिले गीत ध्वनिमुद्रित झाले; त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९६३ मध्ये बॉब, बनी, पीटर आणि इतर साथीदारांचा ‘वेलर्स’ हा गायकवृंद उभा राहिला. क्लेमंट डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’साठी त्यांनी गायलेले ‘सिमर डाउन’ हे गीत १९६४ च्या आरंभी जमैकात अग्रस्थानी पोहोचले. किंग्स्टनच्या गल्ल्यांतील भांडखोर तरुणांना माथे शांत ठेवण्याचे आवाहन त्यात आहे आणि ते पॅटवातील म्हणींच्या आधारे केलेले आहे. आजीच्या तोंडच्या म्हणी नव्या तालावर ऐकताना वस्तीतल्या श्रोत्यांना स्वतःची भाषा प्रथमच तबकडीवर प्रतिष्ठित झालेली दिसली.

कीर्ती मिळाली तरी पैसा मिळाला नाही. ध्वनिमुद्रणाचे हक्क निर्मात्यांकडे राहत आणि गायकांच्या हाती अल्प मोबदला येई. फेब्रुवारी १९६६ मध्ये रिटा अँडरसनशी विवाह झाल्यावर लगेचच मार्ली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात आईकडे गेला आणि तेथे त्याने कारखान्यातही काम केले. तो तेथे असतानाच एप्रिल १९६६ मध्ये सम्राट हैले सेलासी जमैकाच्या भेटीस आले. त्यांच्या दर्शनाने रिटाच्या मनावर खोल परिणाम झाला. काही महिन्यांनी मार्ली मायदेशी परतला आणि हळूहळू रास्ताफारी पंथाकडे वळला. साचवलेल्या पैशातून वेलर्सनी स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. ती फार काळ टिकली नाही. आपल्या गीतावर आपला हक्क असावा ही इच्छा मात्र त्यातून स्पष्ट झाली.

दरम्यान संगीताची लय बदलत होती. १९६६ च्या सुमारास द्रुत स्काची जागा संथ ‘रॉकस्टेडी’ने घेतली आणि १९६८ पर्यंत तीतून रेगे आकारास आले. त्याच वर्षी ‘टूट्स अँड द मेटल्स’ या गायकवृंदाच्या एका गीताच्या शीर्षकात हा शब्द प्रथम झळकला. जमैकन बोलीत ‘रेगे-रेगे’ या द्विरुक्त शब्दाला चिंध्या, फाटके कपडे आणि भांडण असे अर्थ आहेत. त्यावरून हे नाव आले, असे एक मत आहे.

६.६ रेगेची घडण

रेगेचे आवर्तन सामान्यतः चार मात्रांचे असते. गिटार आणि की-बोर्ड यांचे तुटक आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतात. ढोलाचा मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर येतो आणि आपल्या कानाला जेथे सम अपेक्षित असते ती पहिली मात्रा मोकळी सोडली जाते. या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ असे म्हणतात. मोकळ्या सोडलेल्या या जागेमुळे ऐकणाऱ्याचे शरीर आपोआप डोलू लागते. बास गिटार येथे केवळ आधारस्वर देत नाही. ती स्वतंत्र धून गाते. रास्ताफारींच्या ‘न्याबिंगी’ या उपासनेतील ढोलवादनाचा प्रभावही या तालावर आहे.

१९७० च्या सुमारास मार्ली आणि त्याचे साथीदार ली पेरी या कल्पक निर्मात्याबरोबर काम करू लागले. अ‍ॅस्टन बॅरेट (बास) आणि कार्ल्टन बॅरेट (ड्रम) हे बंधू याच काळात वेलर्सशी जोडले गेले. मार्लीच्या पुढील सर्व संगीताचा कणा या दोघांनी रचला.

६.७ लंडन आणि जागतिक श्रोता

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून हजारो लोक उपजीविकेसाठी ब्रिटनमध्ये स्थायिक झाले होते. त्यांच्यामुळे जमैकन संगीताला तेथे पहिला श्रोतृवर्ग मिळाला. मार्लीचा जुना सहकारी डेस्मंड डेकर याचे एक गीत १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले होते. १९७२ मध्ये जिमी क्लिफची भूमिका असलेल्या ‘द हार्डर दे कम’ या चित्रपटाने किंग्स्टनची वस्ती आणि तिचे संगीत पाश्चात्त्य प्रेक्षकांसमोर आणले.

त्याच वर्षी वेलर्सची आणि ‘आयलंड रेकॉर्ड्स’ या लंडनच्या संस्थेचे प्रमुख ख्रिस ब्लॅकवेल यांची भेट झाली. ब्लॅकवेल हे जमैकात वाढलेले होते. त्यांनी वेलर्सना सुटी गीते न मागता संपूर्ण अल्बमसाठी आगाऊ रक्कम दिली. १९७३ मध्ये ‘कॅच अ फायर’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. किंग्स्टनमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या गीतांवर लंडनमध्ये अमेरिकन वादकांकडून गिटार आणि की-बोर्ड यांचे जास्तीचे तुकडे चढवण्यात आले. रॉक संगीताला सरावलेल्या गोऱ्या श्रोत्यांना हे संगीत परके वाटू नये, हा त्यामागील हेतू होता. मार्लीने हा बदल मान्य केला.

संगीताच्या वेशात केलेली ही तडजोड भाषेत कितपत झाली, हे पाहणे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. क्रिओल भाषा आणि प्रमाण इंग्रजी यांच्यात एकच ठळक सीमारेषा नसते. त्यांच्यामध्ये अनेक पायऱ्या असतात आणि वक्ता प्रसंगानुसार त्या चढत-उतरत असतो. भाषाविज्ञानात याला ‘क्रिओल सातत्य’ असे म्हणतात. मार्ली या सर्व पायऱ्यांवर सहजपणे वावरला. १९७४ च्या ‘नॅटी ड्रेड’ या अल्बममधील भुकेविषयीचे ‘देम बेली फुल’ हे गीत पाहा. त्याच्या शीर्षकातच पॅटवाचे व्याकरण आहे. ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद तेथे नाही आणि ‘त्यांचे’ या षष्ठीसाठी ‘त्यांना’ या अर्थाचेच रूप योजले आहे. १९७६ च्या ‘वॉर’ या गीताची भाषा मात्र प्रमाण इंग्रजी आहे. कारण सम्राट हैले सेलासी यांनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात केलेल्या भाषणावर ते आधारलेले आहे. जागतिक व्यासपीठावरच्या भाषणाला जागतिक भाषा आणि वस्तीतल्या भुकेला वस्तीची भाषा, असा हा विवेक आहे.

याबाबत ‘नो वुमन, नो क्राय’ हे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. ट्रेंचटाउनमधील दिवसांची आठवण सांगणारे हे गीत जुलै १९७५ मध्ये लंडनच्या लिसियम नाट्यगृहातील मैफलीत ध्वनिमुद्रित झाले आणि त्या रूपात जगप्रसिद्ध झाले. इंग्रजीच्या नियमाने शीर्षक वाचणाऱ्या अनेकांनी त्याचा अर्थ ‘बाई नसेल तर रडणेही नाही’ असा लावला. पॅटवात क्रियापदापूर्वी येणारा हा नकार आपल्या ‘नको’सारखा निषेधार्थक आहे. गीतातील पुरुष स्त्रीला रडू नकोस असे विनवीत आहे. स्त्रीचे सांत्वन करणारे गीत स्त्रीला दूर लोटणारे ठरावे, एवढा फरक एका अव्ययाच्या आकलनाने पडतो. बोली न कळताही गीत लोकप्रिय होऊ शकते. ते समजण्यासाठी मात्र बोलीकडेच परतावे लागते. या गीताचे कर्तृत्व ट्रेंचटाउनमध्ये गरिबांसाठी अन्नछत्र चालवणाऱ्या व्हिन्सेंट फोर्ड या मित्राच्या नावे नोंदवलेले आहे, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

लोकप्रियतेला आणखी एका घटनेने गती मिळाली. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने मार्लीचे ‘आय शॉट द शेरीफ’ हे गीत गायले आणि १९७४ मध्ये ते अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. तथापि १९७३-७४ या काळातच बनी आणि पीटर टॉश वेलर्समधून बाहेर पडले. दूरदेशीचे दौरे बनीला मानवत नव्हते आणि प्रकाशझोत एकट्या मार्लीवर स्थिरावत होता. अंगणात एकत्र गाणे शिकलेल्या तिघांचा वृंद जगाच्या दारात येताच विखुरला. यानंतर रिटा मार्ली, मार्सिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवॅट या तीन गायिका ‘आय थ्रीज’ या नावाने मार्लीला साथ देऊ लागल्या.

आपली प्रगती तपासा – २
१. स्का आणि रेगे यांच्या लयीतील फरक सांगा.
२. ‘क्रिओल सातत्य’ ही संकल्पना मार्लीच्या दोन गीतांच्या आधारे विशद करा.

६.८ बंदुका आणि हस्तांदोलन

सत्तरच्या दशकात जमैकाचे राजकारण रक्तरंजित झाले होते. मायकेल मॅन्ली यांचा पीपल्स नॅशनल पार्टी आणि एडवर्ड सिआगा यांचा जमैका लेबर पार्टी हे प्रमुख पक्ष होते. गरीब वस्त्या या दोन पक्षांत वाटल्या गेल्या होत्या आणि तेथील तरुणांच्या हाती बंदुका आल्या होत्या. लोकांमधील ताण निवळावा म्हणून मार्लीने डिसेंबर १९७६ मध्ये ‘स्माइल जमैका’ ही विनामूल्य मैफल जाहीर केली. त्यानंतर सरकारने त्याच महिन्यात निवडणूक जाहीर केली आणि मैफलीला पक्षीय रंग चढला. ३ डिसेंबरच्या रात्री बंदूकधाऱ्यांनी होप रोडवरील मार्लीच्या घरात शिरून गोळीबार केला. मार्लीच्या छातीला आणि दंडाला जखमा झाल्या. रिटा आणि व्यवस्थापक डॉन टेलर हेही जखमी झाले. दोन दिवसांनी, जखमा ओल्या असतानाच, मार्ली हजारो श्रोत्यांसमोर उभा राहिला. मैफलीनंतर मात्र तो देश सोडून गेला.

लंडनमधील या अज्ञातवासात ‘एक्झोडस’ (१९७७) हा अल्बम तयार झाला. ‘टाइम’ नियतकालिकाने १९९९ मध्ये त्याची विसाव्या शतकातील सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून निवड केली. ज्या गोळीबाराने मार्ली देशाबाहेर फेकला गेला, त्याविषयीचा संताप या अल्बममध्ये आहे. त्याच्या उत्तरार्धात प्रेम आणि सलोखा यांची गीते आहेत.

२२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये ‘वन लव्ह पीस कॉन्सर्ट’ झाली. गाणे चालू असतानाच मार्लीने पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी नेते सिआगा या दोघांनाही रंगमंचावर बोलावले आणि त्यांचे हात आपल्या हातांत एकत्र उंचावले. या क्षणाचे छायाचित्र अजरामर झाले. हिंसाचार मात्र थांबला नाही. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी शेकडो माणसे मारली गेली. गीताची शक्ती आणि तिची मर्यादा या दोहोंचे दर्शन येथे घडते. चरित्राच्या अभ्यासकाने यांपैकी एकच बाजू पाहू नये.

६.९ आफ्रिका आणि अखेर

१९७८ मध्ये मार्लीने इथिओपियाला भेट दिली. पुढील वर्षी आलेल्या ‘सर्व्हायव्हल’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर आफ्रिकी राष्ट्रांचे ध्वज होते. त्यातील एक गीत गोऱ्या अल्पसंख्य सत्तेविरुद्ध लढणाऱ्या झिंबाब्वेवर होते. १७ एप्रिल १९८० च्या मध्यरात्री तो देश स्वतंत्र झाला. त्या सोहळ्यात गाण्याचे निमंत्रण मार्लीला मिळाले. वाद्ये आणि ध्वनियंत्रणा त्याने स्वखर्चाने तेथे नेली. इंग्लंडचे युवराज चार्ल्स आणि भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासह अनेक पाहुणे उपस्थित होते. निमंत्रण नसलेले नागरिक स्टेडियमच्या दारांशी लोटले, तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो रंगमंचापर्यंत आला. ज्यांच्यासाठी गीत रचले तेच बाहेर राहिले होते. दुसऱ्या दिवशी मार्ली सर्वसामान्य लोकांसाठी पुन्हा गायला.

या काळात त्याच्या शरीरात रोग पसरत होता. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यावर त्वचेचा कर्करोग आढळला होता. फुटबॉल खेळताना तेथे दुखापत झाली होती. ती रोगाचे कारण मात्र नव्हती. डॉक्टरांनी अंगठा काढण्याचा सल्ला दिला. मार्लीने तो मानला नाही; शरीर अखंड राखण्याची रास्ताफारी श्रद्धा त्यामागे होती. केवळ मर्यादित शस्त्रक्रिया करून घेऊन तो दौरे करीत राहिला. जून १९८० मध्ये इटलीतील मिलान येथे त्याने अतिविशाल जनसमुदायासमोर गायन केले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय श्रोते मात्र त्याच्या संगीतापासून दूरच राहिले होते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे ‘कमोडोर्स’ या लोकप्रिय वृंदाबरोबर त्याने कार्यक्रम केले. तेथेच धावताना तो कोसळला. कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचला होता. २३ सप्टेंबर १९८० रोजी पिट्सबर्ग येथे त्याची अखेरची मैफल झाली.

त्याच वर्षी आलेल्या ‘अपरायझिंग’ या अल्बमचा शेवट ‘रिडेम्प्शन साँग’ने होतो. त्यात ड्रम नाही, बास नाही. आवाज आणि एक गिटार एवढेच आहे. मनाच्या गुलामगिरीविषयीचा त्यातील विचार मार्कस गार्वीच्या १९३७ मधील भाषणातून आलेला आहे. रेगेच्या सर्वांत प्रसिद्ध गायकाने अखेरच्या अल्बमचा समारोप करताना रेगेचा तालही बाजूला ठेवला आणि केवळ शब्दांवर भिस्त ठेवली.

जर्मनीतील उपचार निष्फळ ठरल्यावर मायदेशी परतण्याच्या वाटेवर, ११ मे १९८१ रोजी मायामी येथील रुग्णालयात त्याचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय अवघे छत्तीस वर्षांचे होते. जमैका सरकारने त्याला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान दिला आणि २१ मे रोजी शासकीय इतमामाने अंत्यविधी केला. ज्या राज्यसंस्थेने अठरा वर्षांपूर्वी त्याच्या पंथबांधवांवर लाठी चालवली होती, त्याच राज्यसंस्थेने त्याला मानवंदना दिली. नाइन माइल या जन्मगावी त्याचे दफन झाले. मृत्युपत्र केलेले नसल्याने त्याच्या मिळकतीचे दावे पुढे अनेक वर्षे चालले.

६.१० मृत्यूनंतरची कीर्ती

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लेजंड’ हा निवडक गीतांचा संग्रह जगातील सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एक ठरला. त्यात प्रेम आणि सलोखा यांच्या गीतांना प्राधान्य मिळाले. ‘सर्व्हायव्हल’मधील एकही गीत त्यात नव्हते. जगाला परिचित असलेला हसरा मार्ली बराचसा या निवडीतून घडलेला आहे. कोणत्याही कवीच्या निवडक कवितांचा संग्रह वाचताना निवड कोणी आणि कशासाठी केली, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

रेगेचा प्रवाह मार्लीबरोबर थांबला नाही. आयव्हरी कोस्टच्या अल्फा ब्लाँडीने ते जूला आणि फ्रेंच भाषांत नेले. दक्षिण आफ्रिकेत लकी डुबे याने वर्णद्वेषाच्या काळात ते गायले. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या डीजे कूल हर्कने साउंड सिस्टीमची परंपरा न्यूयॉर्कमध्ये नेली आणि तिच्यातून हिप-हॉपची वाट निघाली. आपल्या गोव्यातही रेगेचा महोत्सव भरू लागला आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

६.११ सारांश

गुलामगिरीतून निर्माण झालेली पॅटवा भाषा, रास्ताफारी श्रद्धा आणि वस्तीतील साउंड सिस्टीम या तीन घटकांतून रेगे घडले. ब्रिटनमधील स्थलांतरित श्रोते, ध्वनिमुद्रण व्यवसायाची योजना, चित्रपट आणि इतर गायकांनी गायलेली गीते यांमुळे त्याचा प्रसार झाला. मार्लीने वाद्यमेळात श्रोत्यांसाठी बदल स्वीकारले. भाषेत मात्र विषयानुसार बोली आणि प्रमाणभाषा या दोन्हींचा अवलंब केला आणि बोलीला कधी त्याज्य मानले नाही. जुन्या साथीदारांचा वियोग, जिवावरचा हल्ला आणि गीतांचे अर्धवट आकलन ही या प्रवासाची किंमत होती.

६.१२ स्वाध्याय

१. बॉब मार्लीच्या जीवनावर ट्रेंचटाउनमधील वास्तव्याचा झालेला परिणाम स्पष्ट करा.
२. रेगे संगीताच्या जागतिक प्रसाराची कारणे सविस्तर लिहा.
३. मार्लीच्या चरित्रातून कलेची शक्ती आणि मर्यादा कशा प्रकट होतात, ते सोदाहरण लिहा.
४. उपक्रम : आपल्या घरात किंवा गावात गायली जाणारी बोलीतील एक ओवी, भलरी अथवा लग्नगीत जसेच्या तसे, उच्चारासह लिहून घ्या. नंतर ते प्रमाण मराठीत लिहून पाहा. कोणते शब्द, कोणते अर्थ आणि कोणती लय या रूपांतरात हरवली, याची नोंद करा आणि ती संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.